कोरडा डाग

भर श्रावणात बाबुली गावड्याच्या घरात उघड्या ताटलीतला पापड तीन-तीन दिवस कुरकुरीत राहायचा, आणि बाबुलीला त्या पापडाचा राग यायचा.

आंबोली घाटाच्या माथ्यावरची ही वाडी. जून ते सप्टेंबर इथे धुकं दारातून आत शिरतं आणि बाहेर जायचं नाव घेत नाही. पूर्वी या दिवसांत बरणीतल्या मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटी चुलीच्या वैलाशी ठेवावी लागायची, चपलांवर पांढरी लव उगवायची. जांभ्याचे चिरे पाणी पिऊन असे गार पडायचे की भिंतीला पाठ टेकली तर कळ हाडापर्यंत जायची. खिडकीच्या फटीतून येणारा वारा तर नेमका मानेवरच यायचा. आता काडी पहिल्या झटक्याला पेटत होती. दोरीवरचं धोतर चार तासांत वाळत होतं. भिंतीवर तळहात ठेवला तर ती नुकत्याच सोडलेल्या अंथरुणाइतकी कोमट लागायची.

"मेल्या, मऊ पडूक तुका काय होता?" बाबुली पापडाला म्हणाला, आणि त्याने ताटली दूर सारली.

चार वर्षांपूर्वी अतिपावसाच्या गावांसाठी एक योजना आली होती. कंपनीची माणसं पिंपं घेऊन आली आणि त्यांनी घरोघरी भिंतींना आतून-बाहेरून एक राखाडी, दह्यासारखा दाट गिलावा चढवला. त्याला ते श्वासलेप म्हणत. आपण मसाल्यात घालतो त्या दगडफुलाच्या जातीतले, डोळ्यांना न दिसणारे जीव त्यात वाढवलेले होते. घरातली वाफ, मग ती भाताची असो, ओल्या कपड्यांची असो की माणसाच्या श्वासातली, ते जीव पीत आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाने सोडून देत. हे करताना त्यांना ऊब सुटे, म्हणून भिंत गार पडत नसे, आणि गार भिंतीवर जे दव धरतं तेही धरत नसे. चौकटीशी फट असली तर लेप तिथे आपोआप वाढून ती बुजवून टाकी. पिते आणि गरम होते म्हणून वाडीने तिचं नाव 'बेवडी भिंत' असं ठेवलं होतं.

उद्घाटनाला साहेब आले होते. शाळेच्या भिंतीला हळदकुंकू वाहिलं, खिळा ठोकून हार घातला आणि नारळ फोडला. नारळाचं पाणी भिंतीवर उडालं, ते भिंतीने डोळ्यांदेखत पिऊन टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस वर्षं या वाडीतल्या भिंती बांधणारा गवंडी बाबुली मागे उभा होता. भिंतीला हार घालणारी माणसं त्याने तोवर पाहिली नव्हती. भिंतीचा सरळपणा पाहायचा ओळंबा कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी भिंतीवर भाषण करावं आणि गावाने ते तोंड उघडं टाकून ऐकावं, याची त्याला शिसारी आली.

त्याने लेप घेतला तो बायकोसाठी. द्वारकाला थंडी सोसत नसे. लेप चढला तेव्हा ती दिवसभर भिंतीला टेकून बसली होती आणि संध्याकाळी म्हणाली होती, "आता माका माहेरी गेल्यासारख्या वाटता." तिचं माहेर खाली किनाऱ्यावर होतं, उबेत.

दहा महिन्यांपूर्वी द्वारका गेली. चार महिने खोकली आणि गेली. गोव्यातल्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो दाखवला आणि विचारलं, घरात चूल आहे का? होती. लेप येण्याआधी तीस पावसाळे द्वारकाने चुलीवर दोरी बांधून धुरात कपडे वाळवले होते, कारण दुसरीकडे कुठे ते वाळतच नसत. डॉक्टर म्हणाले, धूर. बाबुली म्हणाला, "धुरान माणूस मरता तर अख्खी वाडी मरान गेली असती." डॉक्टरही त्याच्या लेखी भिंतीला हार घालणाऱ्यांतलाच निघाला. बाबुलीचा निकाल ठरलेला होता. तीस वर्षं धुरात राहिलेली बाई धुराने मरत नाही. भिंतीत जिवंत किडे पोसले, त्यांनी मारली.

त्याने कंपनीकडे तक्रार केली. भरपाई नको म्हणून स्वच्छ लिहिलं. त्याला एकच हवं होतं. कंपनीच्या माणसाने त्याच्या पडवीत उभं राहून म्हणावं की द्वारका या भिंतीमुळे गेली, आणि मग लेप खरवडून न्यावा.

कंपनीने पाठवली ती एक मुलगी. अन्वी मोहिते, इस्लामपूरची, वय जेमतेम सत्तावीस. रेनकोटातून पाणी गळत होतं आणि हातात एक पेटी होती. तिच्यामागोमाग शेजारचा मोतीराम परब छत्री मिटत पडवीत आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण वाडीत काही घडतंय आणि मोतीराम घरी बसलाय असं कधी झालं नव्हतं.

"बाबुली, भिंतीर केस घातलंस म्हणे," मोतीराम म्हणाला. "मगे कोर्टात तिका उभी खंय करतलंस? पिंजऱ्यात मावात काय ती?"

"तू गप ऱ्हव. तुझ्या घरची पिऊन पडली नाय अजून, म्हणान हसतंस."

अन्वीने आत येऊन भिंतीवर हात ठेवला, गायीच्या पाठीवर ठेवावा तसा. बाबुलीने तिची नखं पाहिली. नखांत चुन्याचा कण नव्हता.

"ओळंबो कधी धरलंस गो बाय?"

"नाही काका. मी भिंतींतल्या जीवांचा अभ्यास केलाय, भिंतींचा नाही."

"म्हणजे माशांचो अभ्यास केलंस, पाण्याचो नाय. ऐकलंस मां मोती? बरां माणूस धाडलेला हा."

मोतीराम खो-खो हसला. अन्वीही जरा हसली, आणि ते बाबुलीला आवडलं नाही. तिने पेटीतून तळहाताएवढं ओलमापक काढलं आणि एकेका भिंतीला लावत निघाली. पश्चिमेची भिंत, जिला पूर्वी पावसाच्या माऱ्यापासून वाचवायला मे महिन्यातच गवताचे तट्टे बांधावे लागत, कोरडी. स्वयंपाकघर कोरडं. न्हाणीची भिंतसुद्धा कोरडी. प्रत्येक आकडा ती तोंडाने सांगत होती आणि बाबुली मान फिरवत होता.

"ही नाटकां झाली," तो म्हणाला. "हय ये. आतल्या खोलीत."

आतल्या खोलीत दोन बाजूंना दोन बाजली होती. त्यातल्या एकावर अंथरूण नव्हतं. त्या रिकाम्या बाजल्याच्या उशाशी, भिंतीवर, ताटाएवढी एक जागा बाकी भिंतीपेक्षा पांढरी होती. चुन्याखालून जुनी, फिक्कट तपकिरी छटा दिसत होती, कपड्यावर चहा सांडून धुतल्यासारखी.

"हय ओल फुटलेली. सात वेळा फुटली. सात वेळा पत्र्यान खरवडून मी वयर चुनो लावलंय. तुमच्या किड्यांक भिंत सुकवता येणा नाय, आणि ह्या ओलीत माझी बायको दोन वर्सां निजली. ह्या भिंतीन मारल्यान तिका. आता बोल."

अन्वी खाली वाकली. यंत्र लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं.

"काका, ही घरातली सगळ्यांत कोरडी जागा आहे."

"यंत्र तुमचा. तां तुमचाच गाणा गातला."

"मग यंत्र राहू दे. मी गाभा काढून बघू? बोटभर भोक पडेल."

"भोक पाड. अख्खी भिंत पाड."

तिने एक बारीक नळी फिरवत-फिरवत भिंतीत घातली आणि करंगळीएवढा एक तुकडा बाहेर काढला. तो पांढऱ्या कागदावर आडवा ठेवला. मोतीरामने चष्मा पुढे ओढला. तुकडा एकरंगी नव्हता. राखाडीत एक पांढरी रेघ, मग तपकिरी, मग पुन्हा पांढरी, पुन्हा तपकिरी. अळूवडी कापल्यावर दिसतात तसे थर.

"पांढरे तुमच्या चुन्याचे," अन्वी म्हणाली. "सात."

बाबुलीला ते सांगायची गरज नव्हती. चुना लावताना तो शेवटचा हात जरा दाबून मारत असे. प्रत्येक पांढरी रेघ एका बाजूला किंचित जाड होती. त्याचा हात त्याला ओळखू आला.

अन्वीने तपकिरी थराचा एक कण काचेवर घेतला आणि पेटीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मग तिने बाबुलीच्या स्वतःच्या उशाशी जाऊन तसाच तुकडा काढला. तो आरपार राखाडी निघाला.

"आम्हाला शिकवलंय की डाग म्हणजे ओल, आणि ओल म्हणजे लेप मेला," ती सावकाश म्हणाली. "तपासणीच्या तक्त्यात तसंच आहे. डाग दिसला की खरवडा. पण इथला लेप मेला नव्हता. बाकी घरापेक्षा तो इथेच जास्त जोमात होता. चुन्याने भाजून निघायचा आणि पुन्हा वर यायचा. हा तपकिरी रंग त्यानेच तयार केलाय."

"कित्याक?"

"काहीतरी वेगळं खायला मिळत होतं म्हणून. पाण्याशिवाय दुसरं काहीतरी. काका, काकी याच बाजूला डोकं करून झोपायच्या?"

"मगे काय पाय करून?"

"आणि त्या गेल्यावर डाग पुन्हा आला?"

डाग आला नव्हता. दहा महिने झाले, पैकी अडीच पावसाचे, आणि डाग आला नव्हता. चुना शेवटी बरोबर बसला, असं तो स्वतःला सांगत आला होता.

अन्वी बाजल्याच्या कडेला टेकली. "माणसाच्या श्वासात नुसती वाफ नसते. शंभर प्रकारचे बारीक अंश असतात. फुप्फुसात काही बिघडलं की त्यांतले काही बदलतात. खोकला यायच्या खूप आधी. शिकवलेल्या कुत्र्यांना त्याचा वास येतो, हे जुनं आहे. हे जीव रात्रभर हातभर अंतरावरून तोच श्वास पीत होते. मला वाटतं, त्यांना त्यातलं काहीतरी मिळालं आणि त्यांनी रंग धरला. हे कोणी शोधलेलं नाही. मी पहिल्यांदाच बघतेय. चूकही असेल. एका भिंतीवरून काही सिद्ध होत नाही."

"पयलो डाग कधीचो?" हे मोतीरामने विचारलं. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता.

तिने थर मोजले. लेप पावसाळ्यात जाड आणि उन्हाळ्यात पातळ वाढतो, त्यामुळे वर्षं कळत होती. "काकी गेल्या ऑक्टोबरमध्ये गेल्या ना? त्याच्या दोन वर्षं आधीचा."

दोन वर्षं. खोकला फक्त चार महिन्यांचा.

बाबुली जमिनीवर बसला. त्याला दुसऱ्या चुन्याचा दिवस आठवला. माघ महिना होता, बाहेर दहिवर पडलेलं. तो पत्र्याने खरवडत होता आणि द्वारका मागे उभी राहून म्हणत होती, "हात लावन बघा तरी. डाग कोरडो आसा. माझी बोटां कोरडी आसत, बघा." तिने बोटं त्याच्या तोंडासमोर धरली होती. त्याने बघितली नव्हती. ओल ओळखायला गवंड्याला हात लावावा लागत नाही, ती नजरेला दिसते. तो म्हणाला होता, "तुका भिंतीतला काय कळता? तू तुझी कढी बघ." ती गेली आणि तिने कढी बघितली. पुढच्या पाच वेळा ती काही बोलली नाही.

चाळीस वर्षं तो साहेबांना, इंजिनियरांना, कंपनीवाल्यांना हसत आला होता की ही माणसं हात न लावता भिंतीवर बोलतात.

"म्हणजे तुमच्या भिंतीन मारूक नाय तिका," तो म्हणाला.

"मला नाही वाटत, काका."

त्याने कंपनीच्या माणसाकडून वाक्य मागितलं होतं. वाक्य मिळालं. ते त्याच्यावरच आलं.

मोतीराम उठला, छत्री घेतली, "चाय टाकूक सांगतंय," असं काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. चहा हे निमित्त आहे हे बाबुलीला कळलं. माणूस रडेल अशी भीती वाटली की मोतीराम पळतो. पण बाबुली रडला नाही. तो कागदावरच्या तुकड्याकडे बघत होता आणि त्याच्या डोक्यात दुसरंच काही चालू झालं होतं.

"ह्यो डाग तुमच्या तक्त्यात आसा म्हणालंस. म्हणजे दुसरीकडेय येता."

"येतो. थोड्या घरांत. तक्रार आली की आमची माणसं खरवडून नवा लेप लावतात." असं म्हणताना तिलाच तिचं बोलणं ऐकू आलं असावं. "या वाडीतून मात्र एकही तक्रार नव्हती. मला वाटलं, इथे डाग नाहीत."

"तक्रार कशी येतली? कंपनीक कोण बोलावता? गवंडी गावात आसा मां!" बाबुली हसला. ते हसणं ऐकायला चांगलं नव्हतं. "अकरा घरां. अकरा घरांत मी जाऊन खरवडलंय. फुकट. तुमची जिरवूची म्हणान. लोक चाय पाजीत आणि मी तुमका शिव्या घालीत चुनो लावी. बेवडी ओकली, असा सांगी."

अन्वीने फोन काढला आणि ती पडवीत गेली. पावसाच्या आवाजातून तिचं तुटक बोलणं येत होतं. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा शाळेत ओरडा खाल्लेल्या मुलीसारखा झाला होता.

"नमुने पुण्याला पाठवायचेत. श्वासाच्या चाचण्या, परवानग्या, सगळं मिळून सहा महिने म्हणतात. तोपर्यंत कोणाला काही बोलायचं नाही. तेही खोटं नाही, काका. डाग दुसऱ्याच कशाने आला असेल तर? धडधाकट माणसाला आपण सांगणार की तुझ्या भिंतीवर डाग आहे, जा, छाती तपासून घे? तो रात्री झोपेल?"

"सहा म्हयन्यांत डाग दोनदा वर येता," बाबुली म्हणाला. "आणि वर इलो की लोक माका हाक मारतत."

तो उठला. कोपऱ्यात चुन्याची बादली आणि पत्रा होता. तिकडे त्याने पाहिलंही नाही. टोपी घातली, पावसात उतरला. अन्वी क्षणभर उंबऱ्यात घुटमळली, मग पेटी उचलून त्याच्यामागे आली. तिला कोणी काही विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं, हे तिलाही माहीत नव्हतं. वाटेत धुकं इतकं होतं की समोरचं घर हाकेवर येईपर्यंत दिसत नव्हतं. बाबुली घरं आठवत होता. कोणत्या घरात कोणती भिंत, किती उंचीवर, हे त्याला सगळं पाठ होतं. भिंत तो विसरत नसे. त्या भिंतीशी कोण झोपतं, हे मात्र त्याला एकाही घरचं ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. गवंड्याला त्याचं काय?

सगळ्यांत जवळचं घर मोतीरामचं. तिथे गेल्या महिन्यातच त्याने डाग खरवडून चुना लावला होता.

मोतीराम दारातच उभा होता. चहा टाकलेला नव्हता. त्याच्या हातात छत्री अजून तशीच होती आणि ती जमिनीवर गळत होती. तो बाबुलीकडे बघत होता, पण नेहमीसारखी चेष्टा काही सुचत नव्हती. त्यालाही तीच गोष्ट आठवली होती हे उघड होतं, आणि ती दुसऱ्या कोणीतरी बोलावी म्हणून तो थांबला होता.

"मोती," बाबुली म्हणाला, "माजघरातल्या त्या भिंतीकडे डोक्या करून कोण निजता?"

मोतीरामने मान वळवून आत पाहिलं.

आतून सुपाचा आवाज येत होता, तो थांबला. मोतीरामची बायको सुलोचना तांदूळ पाखडता-पाखडता तशीच सूप घेऊन दारात आली. गोल चेहऱ्याची, खणखणीत आवाजाची बाई, सबंध पावसाळ्यात एकदाही शिंकली नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पावसात भिजत उभ्या असलेल्या गवंड्याकडे पाहिलं, मागच्या अनोळखी मुलीकडे आणि तिच्या पेटीकडे पाहिलं.

"थय मी निजतंय, भावजी," ती हसत म्हणाली. "कित्याक?"